झिरो डॉलरचा प्लॅन

२०२५ च्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार आहे. ओक ट्री रोडवरच्या दुकानांवर दिवाळीच्या माळा अजून तशाच लटकताहेत. सकाळचे साडेदहा वाजलेत. साडीवाले शटर वर करताहेत, मिठाईच्या दुकानातून पहिल्या घाण्याचा वास येतोय आणि एका उपाहारगृहाच्या मागच्या हॉलबाहेर पांढऱ्या डोक्यांची रांग लागली आहे. जाड जॅकेटं, माकडटोप्या, पायांत स्नीकर्स, काखेत फायली. फायलीच्या जाडीवरून कळतं, कोणाला नुसता रक्तदाब आहे आणि कोणाची बायपास झालीय.

मी न्यू जर्सीला मामाकडे आलेय. मामा बहात्तर वर्षांचा, निवृत्त इंजिनिअर. एक स्टेंट, मधुमेह आणि स्वतःच्या हिशेबावर दांडगा विश्वास. मामी जानेवारीत पासष्टची होते, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याला पात्र होते, म्हणून आजची ही वारी. मामीच्या पर्समध्ये चौकटीची वही आहे. शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी करताना ती याच वहीत मुलांच्या दुधाचा हिशेब ठेवायची.

दारावर फलक आहे : ‘मेडिकेअर २०२६ – मराठीतून समजून घ्या’. खाली बारीक अक्षरांत, आमचा सरकारशी काही संबंध नाही. ती ओळ वाचायला कोणी थांबत नाही. आत चहाचा वास आहे.

टेबलावर पोहे आणि बिस्किटं मांडली आहेत. नागपूरचे एक आजोबा पुढे येऊन विचारतात, “जेवण नाही ठेवलं का?”

“नाही काका, नियम आहे,” एजंटबाई हसून सांगतात. “विक्रीच्या कार्यक्रमात जेवण देता येत नाही, फक्त फराळ.”

“मग हे पोहे?”

“कांदेपोहे म्हणजे फराळ. मटार, बटाटा घातला असता तर वकिलाला विचारावं लागलं असतं.”

हॉल हसतो, पण नियम खराच आहे. अमेरिकन सरकार म्हाताऱ्यांना विमा विकणाऱ्यांवर बारीक नजर ठेवतं. ओळख नसताना फोन करायचा नाही, न सांगता दारात उभं राहायचं नाही, भेटीत कोणत्या प्लॅनबद्दल बोलणार ते आधी लिहून घ्यायचं. तरीही सध्या मामाच्या घरातला फोन जेवताना हमखास वाजतो आणि मामी तो न उचलता म्हणते, “आला तुझा ॲडव्हांटेज.” १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा प्लॅन निवडण्याचा हंगाम. टीव्हीवर निवृत्त फुटबॉलपटू जो नेमथ वर्षानुवर्षं याच जाहिराती करत आलाय. टपालपेटी रंगीत पत्रकांनी भरून वाहते.

एजंटबाई मूळच्या नाशिकच्या, पन्नाशीच्या, बोलायला गोड आणि तयारीच्या. त्या बाराखडीपासून सुरू करतात. ए म्हणजे हॉस्पिटल. बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या. डी म्हणजे गोळ्याऔषधं. “आणि सी म्हणजे सगळं एका पिशवीत!” पडद्यावर मोठं शून्य उमटतं, शेजारी डॉलरचं चिन्ह. मागच्या रांगेतल्या काकू चष्मा पुसून परत लावतात.

मूळ योजना सरकारची. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ च्या ३० जुलैला मिझुरीत, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड म्हाताऱ्या ट्रुमन यांच्या हातात ठेवलं. कामाच्या वयात पगारातून कर भरायचा, पासष्टीनंतर सरकार थेट डॉक्टर-हॉस्पिटलचं बिल भागवणार, असा तो साधा व्यवहार. खासगी कंपन्यांसाठी ‘पार्ट सी’ १९९७ च्या कायद्याने आला आणि २००३ मध्ये त्याला ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ हे बाळसेदार नाव मिळालं. यात सरकार दर सभासदामागे कंपनीला महिन्याला ठरावीक रक्कम देतं आणि पुढची जबाबदारी कंपनीची. २०२५ मध्ये पात्र लाभार्थ्यांपैकी ५४ टक्के, म्हणजे ३ कोटी ४० लाखांहून जास्त माणसं अशा खासगी प्लॅनमध्ये आहेत. सरकारी मेडिकेअर म्हणून जे जगात ओळखलं जातं, त्यातला मोठा अर्धा आता कंपन्यांच्या हाती आहे.

“झिरो म्हणजे खरंच झिरो?” मामी हळूच मला विचारते. मी काही बोलण्याआधी पुढच्या रांगेतले एक निवृत्त बँकवाले तेच मोठ्याने विचारतात.

“प्लॅनचा प्रीमियम झिरो. पार्ट बीचे मात्र सगळ्यांनाच भरायचे असतात. पुढच्या वर्षी महिन्याला २०२ डॉलर ९० सेंट.”

“म्हणजे झिरो नाहीच.”

“ते सरकारला, काका. आम्हाला झिरो.”

मामी वहीत २०२.९० लिहून खाली रेघ मारते.

मग पिशवीतून एकेक वस्तू बाहेर येते. दात. चष्मा. कानातलं यंत्र. जिमचं सभासदत्व. औषधाच्या दुकानात वापरायला भरलेलं कार्ड. सरकारी मेडिकेअर दात, चष्मा, श्रवणयंत्र यांचा नेहमीचा खर्च देत नाही. दातांचा उल्लेख येताच हॉलमधली अर्धी माणसं नकळत जबड्याला हात लावतात. इथे एका रूट कॅनालच्या पैशात पुण्याचं विमानाचं तिकीट येतं, असं मामा सांगतो. तो दातांसाठी पुण्यालाच जातो.

यानंतर बाई जे सांगतात त्यात खोट काढायला जागा नाही. “नुसत्या ओरिजिनलवर बसून राहू नका. ओरिजिनल मेडिकेअरमध्ये डॉक्टरांच्या बिलातले वीस टक्के तुमचे, आणि त्या वीस टक्क्यांना वर झाकण नाही. कॅन्सर निघाला, वर्षाला दोन लाखांचं बिल झालं, तर चाळीस हजार तुमचे. ॲडव्हांटेजला कायद्यानेच झाकण आहे. २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी कुठलीही कंपनी ९,२५० डॉलरच्या वर तुमच्याकडून घेऊ शकत नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये त्याहून कमी.”

हॉल गप्प होतो. साठ वर्षं जुन्या योजनेत हे भोक अजून तसंच आहे आणि खासगी कंपन्यांचा निम्मा धंदा त्या भोकावर चालतो.

बँकवाले पुन्हा हात वर करतात. “तुम्हाला किती मिळतात?”

एजंटबाई जराही न अडखळता म्हणतात, “न्यू जर्सीत मेडिकेअरमध्ये नव्याने येणाऱ्या माणसामागे पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ८६४ डॉलर. पुढे दर वर्षी त्याच्या निम्मे. आकडा सरकार ठरवतं.” टाळ्या पडतात. मराठी माणसाला दलाली खुपत नाही, लपवलेली दलाली खुपते.

आता प्रश्नांची वेळ. नागपूरचे आजोबा उठतात. मुलाने ग्रीन कार्डावर बोलावलंय, येत्या मार्चमध्ये सलग पाच वर्षं पुरी होतात. “म्हणजे मार्चपासून आमचं फुकट ना?” शेजारी आजी आशेने बघताहेत. त्यांच्यापलीकडे मुलगा बसलाय, मोबाइल खाली ठेवून.

“काका, तुम्ही इथे नोकरी केलीय?”

“रेल्वेत केली. अजनीला.”

इथे बाईंचा आवाज मऊ होतो. पार्ट ए फुकट मिळतो तो इथे चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं कर भरलेल्याला किंवा त्याच्या जोडीदाराला. पाच वर्षं राहिलेल्या ग्रीन कार्डवाल्या वृद्धाला मेडिकेअर मिळतं, पण विकत. पार्ट ए ५६५ डॉलर, पार्ट बी २०२.९०. एकाचे महिन्याला ७६७.९०, दोघांचे १,५३५.८०. आणि ॲडव्हांटेज घ्यायचा तर ए आणि बी दोन्ही हातात लागतात. पडद्यावरचं शून्य या दोघांच्या घरी महिना दीड हजाराला पडतं.

मुलगा मोबाइलवर काहीतरी गुणतो आणि स्क्रीन वडिलांना दिसणार नाही अशी उलटी ठेवतो. आजोबा म्हणतात, “आम्हाला तसं काही होत नाही.” आजी त्यांचा गुडघा दाबतात. तो कालच सुजलाय, हे त्या मघाशी चहाच्या टेबलापाशी कोणाला तरी सांगत होत्या.

एरवी मागे राहणारी मामी आता उभी राहते. वही छातीशी धरलेली.

“आत्ता हा प्लॅन घेतला आणि पुढे मोठं आजारपण आलं, तर बदलता येतो का?”

“येतो की, काकू. दर वर्षी याच दिवसांत.”

मामी खाली बसते. वहीत लिहिते : बदलता येतो. मग त्यापुढे प्रश्नचिन्ह काढते.

उत्तर ऐकून एक डोंबिवलीचे काका खुर्ची मागे सरकवतात. यांची फाईल जाड आहे. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग व्यायाम आणि शुश्रूषेसाठी त्यांना नर्सिंग सेंटरमध्ये हलवलं. “ती वॉकरवर चार पावलं टाकायला लागली आणि कंपनीची चिठ्ठी आली. परवापासून पैसे बंद. म्हणे तब्येत पुरेशी सुधारली. तिला पाहिलं कोणी? कोणी नाही.” ते चिठ्ठी वर धरून दाखवतात, कंपनीचं नाव अंगठ्याखाली झाकलं गेलंय. चिठ्ठीच्या तळाशी अपिलाचा नंबर होता. काकांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फोन लावला. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुन्हा चिठ्ठी आली, पुन्हा फोन, पुन्हा जिंकले. “मी मंत्रालयात कारकून होतो,” ते म्हणतात. “मला कागदाला कागदाने उत्तर देता येतं. ज्याला येत नाही त्याने काय करायचं?”

काकांचा अनुभव एकट्याचा नाही. ॲडव्हांटेजमध्ये महागड्या उपचारांसाठी आधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. स्कॅन, ऑपरेशन, नर्सिंग सेंटर, सगळ्याला. २०२३ मध्ये देशभरात असे जवळपास ५ कोटी अर्ज गेले आणि ३२ लाख पूर्ण किंवा अंशतः नाकारले गेले. शंभरातले सहा-सात, ऐकायला थोडे. पण नकार मिळालेल्यांपैकी अपील करणारे शंभरात बारासुद्धा नाहीत. आणि जे अपील करतात त्यांच्यापैकी ऐंशीहून अधिक टक्क्यांच्या बाबतीत कंपनीला नकार मागे घ्यावा लागतो. हे वाचून मी एकच निष्कर्ष काढते : नाकारण्यात कंपनीचं फारसं नुकसान नसतं, कारण बहुतेक आजारी माणसं भांडत नाहीत.

एजंटबाई काकांना मध्ये तोडत नाहीत. पूर्ण ऐकून घेतात आणि म्हणतात, “म्हणूनच नंबर जपून ठेवा आणि एजंटालाही फोन करा.” त्यांना सगळे प्रश्न आधी माहीत असावेत.

कार्यक्रम संपतो. पोहे संपलेले असतात. सांगलीकडच्या एक आजी, अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या, पर्समधून घडी घातलेलं पत्र काढून एजंटबाईंना दाखवतात. त्यांची कंपनी या परगण्यातून प्लॅन काढून घेतेय. ३१ डिसेंबरला विमा संपतोय. यंदा अशी पत्रं पुष्कळांना आली आहेत. खर्च वाढला की कंपन्या न परवडणाऱ्या भागातून काढता पाय घेतात. आजींचे हात थरथरताहेत. “घाबरू नका, दुसऱ्या प्लॅनमध्ये टाकते तुम्हाला,” बाई म्हणतात आणि सोमवारची वेळ देतात.

“आजी, आमच्याबरोबर चला,” मामी म्हणते. “आम्ही वाचनालयात निघालोय.”

मामाच्या गाडीत मागे मी आणि आजी. मामा रस्ताभर स्वतःच्या प्लॅनची बाजू मांडतो. सात वर्षं झाली, एक छदाम प्रीमियम नाही. दर वर्षी कंपनीची नर्स घरी येते. रक्तदाब, पायांच्या संवेदना, घड्याळाचं चित्र काढायला लावून स्मरणशक्ती, सगळं तपासते. वर भेटकार्ड देऊन जाते. “सरकारने कधी पाठवली होती नर्स?”

सरकारने नर्स पाठवली नाही, पण पैसे सरकारच देतंय. सभासदाच्या नावावर आजार जितके जास्त, तितकी कंपनीला मिळणारी मासिक रक्कम मोठी. नर्स निदानं टिपून नेते. उपचार पुढे होतातच असं नाही. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. घरभेटींसारख्या आरोग्य-तपासण्या आणि त्यांना जोडलेल्या जुन्या कागदांच्या फेरतपासणीतूनच फक्त नोंदलेल्या, आणि उपचारांच्या नोंदीत पुढे कुठेही न दिसणाऱ्या निदानांपोटी कंपन्यांना २०२३ मध्ये साडेसात अब्ज डॉलर गेले होते. संसदेला सल्ला देणाऱ्या मेडिकेअर आयोगाचा अंदाज त्याहून मोठा आहे. हीच माणसं सरकारी मेडिकेअरमध्ये असती तर जो खर्च आला असता, त्यापेक्षा २०२५ मध्ये कंपन्यांना सुमारे ८४ अब्ज डॉलर जास्त दिले जाताहेत. खासगी आलं की स्वस्त होईल, असं सांगून हे सुरू झालं होतं. मामाचा चष्मा आणि भेटकार्ड यातूनच येतात. मी हे बोलते तेव्हा मामा आरशातून माझ्याकडे बघतो. “माझ्याच करातले पैसे आहेत ना? मग मला परत मिळाले तर तुझं काय जातं?” या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

वाचनालयातल्या छोट्या खोलीत एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका बसली आहे. समोर लॅपटॉप, टिश्यूंचा डबा, टोकदार पेन्सिली. केंद्र सरकारच्या पैशावर प्रत्येक राज्यात चालणाऱ्या ‘शिप’ या मोफत सल्ला योजनेची ही स्वयंसेविका. ती काही विकत नाही आणि कोणाकडून काही घेत नाही. तिच्याकडे पोहेही नाहीत. बाहेर फक्त तीन माणसं थांबली आहेत.

मामी वहीतलं प्रश्नचिन्ह दाखवून तोच प्रश्न विचारते. बाई ऐकतात, मान हलवतात.

“बदलता येतो, हे खरं आहे. ७ डिसेंबरपर्यंत तुम्ही कधीही ॲडव्हांटेज सोडून ओरिजिनलमध्ये परत येऊ शकता. पण ओरिजिनलच्या वीस टक्क्यांचं काय? ते भरून काढायला मेडिगॅप नावाचा दुसरा खासगी विमा लागतो. आणि तो मिळेलच असं नाही.”

आजच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. मेडिगॅपही खासगी कंपन्यांचाच, पण तो मेडिकेअरची जागा घेत नाही, मेडिकेअरच्या मागे उभा राहतो. सरकारने ऐंशी दिले की हा उरलेले वीस देतो. मंजुरी मागत नाही, नेटवर्क नाही. मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो. इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे हे प्लॅन सरकारनेच ठरवून दिलेले आहेत. ‘जी’ कुठल्याही कंपनीचा घ्या, आतला माल सारखाच, किंमत तेवढी वेगळी. ‘जी’ असला तर पार्ट बीचे वर्षाचे पहिले २८३ डॉलर आपण भरायचे, त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या डॉक्टरच्या बिलात आपल्याला जवळपास काही पडत नाही. पासष्टाव्या वर्षी इथे याला महिन्याला दीडशे-दोनशेच्या आसपास पडतात, बाई सांगतात, आणि वयाबरोबर ते वाढतात. औषधांचा पार्ट डी वेगळा. दात-चष्मा नाहीच.

पण पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्या दिवसापासून फक्त सहा महिने मेडिगॅप कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. त्या सहा महिन्यांत तब्येतीचा एक प्रश्न विचारायची तिला मुभा नाही. ती मुदत गेली की ती साखर विचारते, स्टेंट विचारते, आणि दार लावून घेते.

मामा खुर्चीत सावरून बसतो. “म्हणजे मी?”

“तुम्ही ॲडव्हांटेज कधी घेतला?”

“पासष्ट झालो तेव्हाच.”

“मग पहिले बारा महिने तुम्हालाही परतीचा हक्क होता. प्लॅन सोडायचा आणि मेडिगॅप घ्यायचा, तब्येतीचा प्रश्न न येता.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“पुस्तिकेत असतं,” ती म्हणते. तिचा सूर दोष देण्याचा नाही. अशी वाक्यं तिने या खोलीत पुष्कळ ऐकली असावीत. टिश्यूंचा डबा मामापासून हाताच्या अंतरावर आहे.

“आणि आता स्टेंट आहे.”

“अर्ज करून बघता येईल. पण न्यू जर्सीत त्यांना नाही म्हणायची मुभा आहे. न्यूयॉर्कमध्ये नाही. तिथे मेडिगॅप कंपनीला कोणत्याही वयात, वर्षभरात कधीही माणूस घ्यावाच लागतो. कनेटिकटमध्येही.”

मामा खिडकीबाहेर बघतो. मेट्रोपार्क स्टेशनवरून गाडी पकडली की तासाभरात न्यूयॉर्क. मधे हडसन नदी. नदीपलीकडच्या क्वीन्समध्ये त्याचा साडू राहतो, मामाहून चार वर्षांनी मोठा आणि दोन स्टेंटवाला. त्याला हे दार उघडं आहे.

सांगलीच्या आजी इतका वेळ पत्र मुठीत धरून बसल्या आहेत. मामी ते त्यांच्या हातून अलगद घेऊन टेबलावर उलगडते. स्वयंसेविका वाचते आणि पहिल्यांदाच हसते.

“यांना सांगा, ही वाईट बातमी नाही. कंपनी स्वतःहून प्लॅन बंद करते तेव्हा माणसाला नव्याने हक्क मिळतो. विमा संपल्यानंतर ६३ दिवसांच्या आत मेडिगॅपला अर्ज केला तर यांनाही तब्येतीचे प्रश्न विचारता येत नाहीत.”

आजींना मराठीत सांगायला मला थोडा वेळ लागतो. मग त्या विचारतात, “महिन्याला किती?” अठ्ठ्याहत्तरीला मेडिगॅप स्वस्त नसतो. आजींची सोशल सिक्युरिटी किती, बचत किती, राज्याच्या औषधमदतीच्या योजनेत त्या बसतात का, हे सगळं बाई शांतपणे विचारून टिपून घेतात. आजी परवडेल ते निवडतील. कदाचित परत ॲडव्हांटेजच. पण सोमवारी एजंटकडे जातील त्या दोन रस्ते माहीत असलेल्या आजी असतील. सकाळच्या हॉलमध्ये त्यांना दुसरा रस्ता आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

मामा ते पत्र पुन्हा एकदा हातात घेऊन वाचतो. विमा रद्द झाल्याच्या पत्राकडे इतक्या हेव्याने बघणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

“पुण्याचं काय?” मामी विचारते. दर हिवाळ्यात दोघं तीन-चार महिने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये असतात आणि मामाच्या मनात मुक्काम वाढवायचं आहे. त्यावरचं उत्तर ओक ट्री रोडवरच्या प्रत्येक घराने भिंतीवर लावावं असं आहे. ओरिजिनल मेडिकेअर भारतात जवळपास काहीच देत नाही. ॲडव्हांटेजचे काही प्लॅन परदेशातला तातडीचा खर्च मर्यादेपर्यंत देतात, काही देत नाहीत. आणि प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर बहुतेक प्लॅन तुमचं नाव काढून टाकतात. मेडिगॅप ‘जी’ परदेशी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचे, वर्षाचे पहिले २५० डॉलर सोडून, ८० टक्के देतो. पण उभ्या आयुष्यात ५०,००० डॉलरपर्यंतच. तेव्हा साठाव्या दिवसानंतर कोथरूडमध्ये घसरून पडायचं नाही, असं मामी मराठीत म्हणते. मी भाषांतर करत नाही.

“एक गोष्ट मात्र ओरिजिनलमध्येही बदलतेय,” बाई जाता जाता सांगतात. १ जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीसह सहा राज्यांत सरकार एक प्रयोग सुरू करतंय. ओरिजिनल मेडिकेअरमध्येही काही मोजक्या उपचारांसाठी आधी मंजुरी घेण्याची पद्धत येणार आहे. छाननी खासगी कंपन्या करणार, मदतीला एआय. यादीत गुडघ्याच्या झिजेसाठी केली जाणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. मामी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवते. सरकारी आणि खासगी यांच्यातली भिंत पातळ होतेय, हे तिला आकड्यांशिवाय कळतं.

तरी तिचा निर्णय झालेला आहे. वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे २०२.९० आणि झिरो, उजवीकडे २०२.९०, मेडिगॅप, पार्ट डी. डावीकडच्या रकान्यात तळाशी तिने लिहिलंय : कोण ठरवणार – कंपनी. उजवीकडे : डॉक्टर. त्या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

“महिन्याला दोनशे जास्त, उगाच,” मामा म्हणतो. पण आवाजात जोर नाही.

“तू तुझा चष्मा घे,” मामी म्हणते. “मी माझा डॉक्टर घेते.”

मला मामीचं पटतं. ज्यांना हे दोनशे परवडतात त्यांनी पासष्टीला मेडिगॅप घ्यावा, आणि झिरोचा मोह झालाच तर पहिल्या बारा महिन्यांत मागे फिरावं. ज्यांना परवडत नाहीत त्यांना ॲडव्हांटेजशिवाय इलाज नाही. त्यांनी दातांच्या रकमेआधी आपले डॉक्टर आणि जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का, ते फोन करून विचारावं. कारण डॉक्टर वर्षाच्या मध्ये नेटवर्क सोडू शकतो, तुम्हाला बहुतेकदा डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं. नाशिकच्या बाई सकाळी एकही शब्द खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी मामीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं, आणि हा सगळा धंदा त्या उरलेल्या अर्ध्यावर उभा आहे.

मामीचा मेडिगॅपचा अर्ज सोमवारी जाईल. मामापुढे आता फक्त ॲडव्हांटेजच्याच प्लॅनची यादी आहे आणि त्यातला एक त्याला ७ डिसेंबरच्या आत निवडायचाय. तुमचे आईवडील, काका-मामा तिकडे असतील आणि कोणाची पासष्टी जवळ आली असेल, तर आज रात्रीच्या फोनवर त्यांना एवढंच विचारा : पार्ट बी कोणत्या तारखेला सुरू होतोय? त्या तारखेपासून सहा महिने मोजा, आणि त्याआधी त्यांना शिपच्या टेबलापर्यंत पोचवा. तिथे रांग नसते.